डावी बाजू दीड बोट वर

मी स्प्रिंग बोलतेय. डावी पुढची. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर, मडगार्डच्या आत, धूळ-चिखल खात उभी असते ती मी. जरा भरभर बोलते, सांभाळून घ्या. एक तर माझा स्वभावच असा, स्वस्थ बसणं मला जमत नाही. आणि दुसरं म्हणजे गाडी निघालीय. मुक्काम यायच्या आत मला सगळं सांगून व्हायला हवं.

थांबा, खड्डा. हं, गेला.

या घडीला माझ्यावर एक माणूस बसलाय. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. त्याची मला काळजी वाटते, आणि माझी सगळी चुळबूळ त्याच्यापायी आहे. पण तो कोण हे कळायला आधी माझी हकीकत ऐकावी लागेल.

जन्माला आले तेव्हा मी एक सरळसोट सळई होते. मला लालबुंद होईपर्यंत तापवलं, गरागरा गुंडाळलं आणि तशीच तेलात बुडवली. बाई गं, काय ती चरचर! मग निळा रंग दिला. मग एका यंत्राखाली मला पार चेपली आणि सोडली. मी उसळले ती बरोब्बर आधीच्याच उंचीला आले. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे माझ्यावर नको ते आरोप झाले.

आम्ही चौघी एका खोक्यात होतो, दोन पुढच्या आणि दोन मागच्या. पुढची उजवी म्हणजे माझी जुळी बहीण. आम्ही नेहमीच्या स्प्रिंगांपेक्षा बुटक्या. आम्हाला घातलं की गाडी खाली बसते. हौशी मंडळी आम्हाला घेतात, गाडी रस्त्याला चिकटून धावताना झोकदार दिसते म्हणून. खोक्यावर एका लाल चपट्या गाडीचं चित्र होतं. चौघीही त्या गाडीची स्वप्नं बघत आलो. खोकं उघडलं तर समोर काय, राखाडी रंगाची, पंधरा वर्षांची, उंच, संसारी गाडी. दाराला पोचा, मागच्या काचेला तडा. माझं तोंडच उतरलं.

"हिला कशाला बुटक्या स्प्रिंगा?" मी जुन्या स्प्रिंगेला विचारलं. माझ्या जागेवरून निघून ती शेजारी फरशीवर पडली होती, गंजून तपकिरी झालेली.

"हौस नाही ती," जुनी म्हणाली. "मिस्त्रींना चढता येत नाही म्हणून." आणि मग तिने मला घरचं सगळं सांगितलं.

मिस्त्री म्हणजे या गॅरेजचे मालक. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांखाली आडवं होऊन काढली. बायको लवकर गेली, दोन्ही मुलं त्यांनी या गॅरेजातच वाढवली. थोरली ताई, चाकं, ब्रेक, स्प्रिंगा असलं खालचं काम तिचं. धाकटा इंजिनाचं वरचं काम बघतो. त्याला सगळे धाकटाच म्हणतात. ताई मात्र काहीच म्हणत नव्हती, कारण ती त्याच्याशी बोलतच नव्हती.

मी आले तेव्हा अबोल्याला चौदा महिने झाले होते. चौदा महिन्यांपूर्वी मिस्त्री माळ्यावरचे टायर काढायला शिडीवर चढले होते. शिडी धरायला खाली धाकटा होता. मग तो तिथे नव्हता. शिडी सरकली, मिस्त्री पाठीवर पडले, आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. गिऱ्हाईकाने हाक मारली म्हणून गेलो, असं धाकट्याने सगळ्यांना सांगितलं. ताई त्यावर हूं की चूं बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पण गॅरेज तर दोघांना मिळूनच चालवायचं. मग त्यांनी एक भलतीच रीत काढली. मिस्त्री चाकाच्या खुर्चीत दाराशी बसायचे आणि सगळं बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं.

"बाबा, त्याला सांगा, दहाचा पाना जागेवर ठेवत जा."

"दहाचा पाना," मिस्त्री म्हणायचे.

"बाबा, तिला सांगा, पाना तिच्याच खिशात आहे."

"खिसा बघ गं."

तीन हातांच्या अंतरावर उभी असायची हो दोघं! एकमेकांचा श्वास ऐकू यावा एवढी जवळ. गिऱ्हाइकं आधी हसायची, मग त्यांनाही सवय झाली. मिस्त्रींनीही चालवून घेतलं. खुर्चीत बसून निरोप पोचवणं तरी आपल्याला जमतंय, असं त्यांना वाटत असावं.

आता माझ्या कामाचं ऐका. हॉस्पिटलात दोघांनी मिस्त्रींना बगलेत धरून पोत्यासारखं पलंगावर टाकलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, मला कुणी उचलायचं नाही. खुर्चीतून पलंगावर ते स्वतः सरकायला शिकले, एका गुळगुळीत फळीवरून, हातांच्या जोरावर. गाडीत मात्र जमेना. गाडीचं सीट खुर्चीपेक्षा उंच, त्यामुळे फळी चढणीला लागायची. खुर्चीत जाड उशी घालून पाहिली तर कमरेत जोर नसल्याने ते डुगडुगायला लागले. शेवटी ते म्हणाले, "मी वर जात नसेन तर गाडी खाली आणा." म्हणून आम्ही आलो.

आणि जायचं कुठे, तर त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. मुलांची ती आत्या. तिचं गाव तीन तासांवर आणि तिच्याने आता उठवत नाही. दर आठवड्याला तिचा फोन, "येतोस कधी रे? मी आहे तोवर ये." मिस्त्री म्हणायचे, "गाडी खाली बसली की येतो." तिला ते काय कळणार! पण रविवार ठरला होता. आम्ही बसलो मंगळवारी.

घोळ मंगळवारीच झाला. सकाळी मिस्त्रींना खुर्ची ढकलत व्यायामाला हॉस्पिटलात सोडलं होतं. म्हणजे निरोप्या गैरहजर. गॅरेजात दोघं मुलं आणि पूर्ण शांतता. ताईने मागच्या दोघींना बसवलं, मग उजवीला. मग माझ्या जागेकडे आली. स्प्रिंगेच्या डोक्यावर लोखंडाची वाटी असते आणि दोघींच्या मध्ये रबराची चकती, कुरकुर होऊ नये म्हणून. जुनी चकती ताईला धडधाकट वाटली. तिने ती ब्रशने घासली आणि वाटीत आतून चिकटवून टाकली. उजवीकडेही तिने तसंच केलं होतं. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला, आज लवकर सुटले, न्यायला या. ताई हात पुसत निघून गेली.

मागे धाकटा उरला. गाडी वर टांगलेली, खाली दुसरी गाडी खोळंबलेली. त्याला वाटलं, हे एवढं आपणच उरकावं. खोक्यात त्याला नवी चकती दिसली. वाटीच्या आत काळ्यावर काळं काय चिकटलंय ते त्याने पाहिलं नाही. नवी चकती माझ्या डोक्यावर ठेवली आणि आवळलं सगळं. एकाच्या जागी दोन चकत्या! वर नव्या चकतीच्या खोबणीशी जुळावं म्हणून त्याने मला फिरवली, तेव्हा खाली माझं शेपूट जिथे टेकायचं त्या खाचेतून बाहेर आलं. तुम्ही कधी खुर्चीच्या कडेवर अर्धवट बसून पाहिलंय? तशी मी, आणि वर अख्खी गाडी.

गाडी खाली उतरवली. उजवी बाजू छान बसली. डावी बाजू दीड बोट वर. आणि मिस्त्री चढणार डावीकडूनच.

मी ओरडतेय, वरती दोन आहेत, दोन! माझं कोण ऐकतंय?

मिस्त्री आले, खुर्ची दाराशी लागली, आणि निरोप सुरू झाले.

"बाबा, त्याला सांगा, नव्या स्प्रिंगा बसायला वेळ घेतात. चार दिवस चालू दे."

चार दिवस माझ्यावर वाळूच्या गोण्या लादून गाडी फिरवली. मी तशीच. बसू कशी, बूड टेकवायला जागा तर हवी! रात्रंदिवस माझी नुसती तगमग. जरा वळण आलं की शेपूट सरकायचं, ठण्ण आवाज व्हायचा. उजवी पलीकडून म्हणायची, "अगं, नीट बस ना!" तिला काय जातंय बोलायला.

शुक्रवारी ताई माझा नंबर वाचून गेली. "बाबा, त्याला सांगा, डावी स्प्रिंगच खराब आलीय. परत पाठवू."

खराब? मी? कागदावर बरोबरची खूण असलेली मी? संतापाने माझी वेटोळी थरथरली.

"बाबा, तिला सांगा, स्प्रिंग बरोबर आहे. तिनेच उजवी चुकवलीय, ती जास्त खाली बसलीय."

दोघांनीही मला खोलून बघितलं नाही. ताई धाकट्याच्या कामाला हात लावत नसे, डोळाही लावत नसे. आणि धाकट्याला खात्री, की आपण केलं ते चोख. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचं होतं, ते माझ्या डोक्यावर दोन चकत्यांवरून फुटलं.

शनिवारी दुपारी मिस्त्री म्हणाले, "आहे तशी असू दे. बघू तरी."

खुर्ची सीटला लावली. फळी टाकली. चढण होतीच, आधीपेक्षा कमी, पण होतीच. मिस्त्रींनी दोन्ही तळवे टेकले आणि अंग उचललं. एक वीत सरकले. आणखी एक वीत. माझ्यावर त्यांच्या वजनाची पहिली चाहूल आली आणि मी म्हटलं, या, या, या! आणि तिथेच चढण नडली. हात थरथरले, अंग मागे घसरलं, फळी निसटली. क्षणभर ते दाराच्या वरच्या मुठीला एका हाताने लटकत राहिले. पाय खाली, नुसते लोंबत. धाकट्याने धावत जाऊन त्यांना बगलेत धरलं.

"सोड!" मिस्त्री ओरडले. "सोड मला!"

"बाबा, पडाल!"

"पडू दे! सोड म्हणतो ना!"

त्याने सोडलं नाही. खुर्चीत ठेवलं आणि मग सोडलं. मिस्त्री घामाने निथळत होते. रडत नव्हते, पण रडले असते तर बरं वाटलं असतं असा चेहरा झाला होता. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! माझा काही दोष नव्हता, तरी वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची वळवून उजव्या चाकापाशी नेली. टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये तळहात उभा घातला. मग डावीकडे आले, तसाच घातला. मग वाकून हात आत घातला आणि बोटांनी मला चाचपलं. चाळीस वर्षांची बोटं ती. माझं शेपूट खाचेबाहेर आहे हे त्यांना कळलं. बोट वर वर गेलं, डोक्यापर्यंत, रबराच्या कडेवर थांबलं, आणखी वर गेलं, पुन्हा थांबलं. त्यांना दोन्ही कडा लागल्या!

आता सांगतील, मी मनात म्हटलं. आता सुटले मी.

मिस्त्रींनी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला. "मला कळलंय काय झालंय," ते म्हणाले. दोघंही त्यांच्याकडे बघायला लागली. "पण मी सांगणार नाही. चौदा महिने तुमचे निरोप पोचवले, आता बास. माझ्यामार्फत यापुढे एक शब्द जाणार नाही. उद्या सकाळी नऊला मला निघायचंय. ताई वाट बघतेय माझी."

म्हणजे त्यांची ताई, आत्या. एवढं बोलून त्यांनी तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. अहो मिस्त्री, बोला की! दोन शब्दांचं काम! पण माणूस एकदा हट्टाला पेटला की काय विचारता.

रविवारी सकाळी सात वाजता ताई आली. पाच मिनिटांनी धाकटा आला. मिस्त्री दाराशी नवा सदरा घालून तयार, तोंड मिटलेलं. ताईने गाडी उचलली. धाकट्याने चाक काढलं. शब्द नाही. मला शॉकसकट, म्हणजे माझ्या पोटातून जाणाऱ्या दांड्यासकट, बाहेर काढून बाकावर आडवं घातलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. मला सोडवायचं तर आधी दाबावं लागतं. दोन बाजूंना दोन चिमटे लावायचे, लांब आट्यांचे बोल्ट आवळत न्यायचे, मी चेपले की वरचा नट काढायचा. त्या वेळी माझ्यात एवढा जोर साठलेला असतो की एक चिमटा निसटला तर मी माणसाचा जबडा फोडून पलीकडच्या भिंतीत घुसेन. बढाई नाही मारत. हे काम एकट्याने करू नये, आणि न बोलता तर मुळीच करू नये.

ताईने आपल्या बाजूचा बोल्ट आवळला. धाकट्याने आपल्या बाजूचा. मी दबत गेले, दबत गेले. ताईने नटाला पाना लावला. आणि थांबली.

तिची बाजू ती बघू शकत होती. त्याची बाजू तिला दिसत नव्हती. तो धरून आहे का? की मान वळवली तेवढ्यात गेलाय? बापाकडे बघून उपयोग नव्हता, बाप भिंतीकडे बघत होता. पान्यावरची तिची बोटं पांढरी पडली.

"धरलंस?" ताई म्हणाली.

चौदा महिन्यांनंतरचा पहिला शब्द.

"धरलंय," धाकटा म्हणाला. "ताई, धरलंय. तू काढ."

आयुष्यात मी इतकी शांत कधी राहिले नव्हते. उसळायचं माझ्या नसानसांत होतं, पण त्या क्षणी मी देवाशपथ श्वास रोखून धरला.

नट निघाला. वाटी उचलली. आत एक चकती, आणि माझ्या डोक्यावर दुसरी. दोघं बघतच राहिली.

"ही तू घातलीस?"

"हो. ती तू आधीच चिकटवली होतीस?"

"हो."

"मग सांगायचंस ना!"

"कुणामार्फत?" ताई म्हणाली. "बाबा नव्हते."

आणि ती हसायला लागली. धाकटाही हसला. मग हसता हसता ताईचं हसणं कुठेतरी भलतीकडेच वळलं आणि ती बाकाला धरून ढसाढसा रडली. धाकटा चिमटा धरून उभा, मला सोडता येईना आणि तिच्याकडे जाता येईना.

"कुणी हाक मारली नव्हती गं," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं. मला वाटलं, बाबा काय, रोज चढतात. नुसताच बाहेर गेलो, पाय मोकळे करायला."

"माहितीये. मी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर असं काही बोलले असते की पुन्हा तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं." तिने बाहीने नाक पुसलं. "आणि शिडीच्या पायाचं रबर झिजलंय, हे मला महिनाभर आधी दिसलं होतं. मी तरी कुठे बदललं?"

दाराशी मिस्त्रींनी घसा खाकरला. "साडेआठ वाजले," ते म्हणाले. बस, एवढंच. पण खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती त्यांनी.

एक चकती निघाली. माझं शेपूट खाचेत बसलं. आहाहा! काय सांगू तुम्हाला, घरी आल्यासारखं वाटलं. गाडी खाली आली, डावी उजवी सारखी. खुर्ची लागली, फळी पडली, सपाट. दोन्ही मुलं दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून. मिस्त्रींनी तळवे टेकले. वीत, वीत, वीत. आधी हात आला माझ्यावर, मग कंबर, मग त्यांनी एकेक पाय उचलून आत घेतला. चार मिनिटं लागली. मग त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि मी ते घेतलं.

ताईने लगेच टेप लावून मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजली, दोन्हीकडची, मिस्त्री बसलेले असताना. धाकट्याने ते आकडे दाराच्या खांबावर आतून खडूपेन्सिलीने लिहिले. मग तिघं आत्याकडे गेली. आत्या भावाला बघून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, मी बाहेर होते. पण परत येताना तिघंही घसा बसेपर्यंत गप्पा मारत होती.

हे झालं त्याला तीन वर्षं झाली. थांबा, गतिरोधक. हं.

तीन वर्षं दर रविवारी मी त्या क्रमाची वाट बघते. हात, कंबर, एक पाय, दुसरा पाय. आत्या पुढच्याच वर्षी गेली, पण मिस्त्रींचं फिरणं थांबलं नाही. आणि या उन्हाळ्यापासून माझ्या लक्षात यायला लागलं. ते हलके होताहेत. आधी वाटलं, मीच चुकतेय. पण आमचं तर कामच ते, वजन ओळखणं. दर रविवारी कणभर कमी. जे मला कळतंय ते घरात कुणाला कळत नाही का? मी पुन्हा तगमगायला लागले. नीट खाचेत बसलेली असून तगमगायला लागले.

मग दिसलं. एका संध्याकाळी ताई बाकावर मिस्त्रींच्या कमरपट्ट्याला नवं भोक पाडत होती. एकटीच. धाकटा आल्याबरोबर तिने पट्टा फडक्याखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी धाकटा मिस्त्रींचा जेवणाचा डबा उघडून बघत होता. अर्धा तसाच. त्याने तो कोपऱ्यात रिकामा केला, धुतला आणि ताईला दाखवला, "बघ, संपवला." दोघं बोलत होती हो आता एकमेकांशी, दिवसभर बोलत होती! एवढंच सोडून. ताईला वाटे, त्याला कशाला घोर लावू. त्याला वाटे, तिला कशाला. आणि मिस्त्री दोघांनाही सांगत, "वयच झालंय आता."

पुन्हा तेच. माझ्या डोक्यावर पुन्हा दोन चकत्या.

मला बोलता येत नाही, पण करकरता येतं. गेले चार रविवार मिस्त्री बसले की मी अशी करकरायला लागले की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. उजवी म्हणाली, "लाज आहे का?" नाही, म्हटलं. लाज नाही.

आज सकाळी धाकट्याने कान टवकारले. "ताई, डावीकडून आवाज येतोय."

"स्प्रिंग असेल. बाबा बसलेत तेवढ्यात मोजून घेऊ."

टेप लागला. ताईने खांबावरचा आकडा वाचला, टेपवरचा वाचला. पुन्हा लावला. "एक सूत वर आहे," ती म्हणाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, माचिसच्या काडीपेक्षा किंचित जाड.

"उजवी?"

"उजवी आहे तिथे आहे."

"स्प्रिंग जुनी झाली की खाली बसते," धाकटा हळू म्हणाला. "वर जात नाही."

मग दोघांनी एकदमच वर पाहिलं, सीटवरच्या माणसाकडे. सदरा खांद्यावरून उतरला होता. मिस्त्री पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते. चाळीस वर्षं ज्यांनी मापं घेतली त्यांना हे माप कळलं नसेल?

"पट्ट्याला मी दोन भोकं पाडलीत," ताई म्हणाली. "तुला सांगितलं नाही."

"डबा अर्धा परत येतो. दोन महिने. मीच टाकून देतो."

आणि या वेळी कुणी कुणाला "सांगायचंस ना" म्हणालं नाही. ताई पळत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. धाकटा मागे चढला आणि पुढे वाकून त्याने बापाचा खांदा धरला.

"कुठे?" मिस्त्रींनी विचारलं.

"हॉस्पिटलात."

"मला कुणी उचलायचं नाही हं."

"नाही उचलत, बाबा. तुम्ही सरका. आम्ही नुसतं धरतो."

खांद्यावरचा तो हात मिस्त्रींनी झटकला नाही.

म्हणून म्हटलं, वेळ थोडा आहे. ते बघा, फाटक दिसायला लागलं. मला आता करकरायचं नाही, आता माझं काम नुसतं धरायचं. तुमच्या घरीही कुणी सूतभर हलकं झालं असेल. एकट्याने पट्ट्याला भोक पाडत बसू नका, शेजारी उभा आहे त्याला सांगा. स्प्रिंग करकरायची वाट बघू नका, सगळ्यांच्या नशिबी माझ्यासारखी बिनलाजी स्प्रिंग नसते.

गाडी थांबली. दार उघडलं. खुर्ची लागतेय, फळी पडतेय.

"धरलंस?"

"धरलंय."

एक पाय उतरला. दुसरा उतरला. आता कंबर. आता हात. गेलं, सगळं वजन गेलं माझ्यावरचं. मी वर आलेय आणि तशीच उभी आहे. मिस्त्री, लवकर या. मला रिकामं उभं राहवत नाही.